दाजींचं नाव यादीतून कमी केलं तो दिवस

मी एकदा चांगला चालता-बोलता सर्व्हर मेला म्हणून यादीतून काढून टाकला, आणि जो खरंच मेला होता त्याला मानानं जागेवर ठेवला. झोपेत नाही, तापात नाही. भर दुपारी, पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या बोटांनी. त्यापायी साखर कारखान्याचा वजनकाटा बंद पडला आणि उसाच्या बैलगाड्यांची रांग फाटकातून निघून डांबरी सडकेवर गेली. हे सगळं कशासाठी? तर मला नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नव्हतं म्हणून.

माझी सून हे वाचून हसणार. ती माझ्या लेकाला 'अरे ए' म्हणते आणि तो निमूट ओ देतो. त्या काळी मीही स्वतःला काही कमी पुढारलेली समजत नसे, बरं का. माहेर घाटनांदूर, टायपिंगची परीक्षा केजला, संगणकाचा डिप्लोमा औरंगाबादला. केजच्या बसस्टँडवर उभ्या उभ्या, चारचौघांत, पेप्सीची बाटली तोंडाला लावणारी बाई होते मी. कारखान्याच्या टंकलेखन विभागातून संगणक खात्यात आले तेव्हा खुर्ची फिरते म्हणून दिवसभर गोल गोल फिरून पाहिलं होतं. पण घरी नवऱ्याला 'अहो', दारी 'आमचे हे', आणि नाव घ्यायची वेळ आलीच तर खोकला.

'आमचे हे' त्याच कारखान्यात चिटबॉय होते. नाव बॉय, पण वय चाळिशीकडे झुकलेलं. शेतात जायचं, कोणाचा ऊस तोडीला आला ते बघायचं, ऊसतोड्यांच्या टोळीला तोडीची चिठ्ठी द्यायची, असं ते काम. माणूस शांत. दोन गावं मोटारसायकलवर फिरून आला तरी घरी येऊन चार शब्द बोलेल तर शपथ.

आता सर्व्हरकडे येते. देश उघडला, बाहेरचा माल आला, आणि आमच्या चेअरमन साहेबांना कुठल्याशा बैठकीत कळलं की शेजारच्या कारखान्यानं दोन सर्व्हर घेतले. साहेबांनी तीन घेतले. तीन कशाला लागतात हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण दोनपेक्षा तीन जास्त, एवढं गणित पक्कं होतं. पुण्याहून दीक्षित नावाचे इंजिनिअर पेट्या बसवायला आले. कारखान्यात थंड हवेची ती एकच खोली झाली, त्यामुळे साहेबांचे सगळे पाहुणे चपला बाहेर काढून आमच्याकडेच टेकायला येत.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. तीन पेट्या मिळून एकच हिशेब सांभाळायच्या. गाडी काट्यावर आली की वजन तिघींकडे जायचं, तिघी 'हां, लिहिलं' म्हणायच्या, मग वजनाची चिठ्ठी छापून बाहेर. एकमेकींना त्या सारख्या विचारत राहायच्या, आहेस का, आहेस का. एक आजारी पडली तरी दोघी काम ओढायच्या. इथंच सहकारातल्या माणसाला ओळखीची एक गोष्ट येते, ती म्हणजे कोरम. निम्म्याहून जास्त सभासद हजर असले तर सभा चालू, नाहीतर तहकूब. यादीत तीन आणि हजर दोन, चाललं. यादीत तीन आणि हजर एक, की ती एकटी पेटी हात जोडून गप्प बसते. तिला वाटतं, न जाणो, बाकीच्या दोघी पलीकडं वेगळी सभा भरवून वेगळंच काही लिहीत असतील, तर आपण एकटीनं शहाणपण कशाला करा.

म्हणून एखादी पेटी कायमची गेली की तिचं नाव यादीतून कमी करावंच लागतं. नाहीतर मेली तरी ती कोरमात मोजली जाते आणि बाकीच्या दोघी प्रत्येक चिठ्ठीला तिच्या उत्तराची वाट बघत बसतात. साधी रीत अशी, की जाणाऱ्या पेटीवर बसायचं आणि तिच्याकडूनच राजीनामा घ्यायचा. पण जी पेटी चालूच होत नाही ती राजीनामा कशी देणार? मग मागं राहिलेल्यांपैकी एकीवर बसून सांगायचं, बाई, अमुक क्रमांकाचा सभासद मयत झाला, त्याचं नाव खोड. आमच्या कारखान्याच्या यादीत मयत सभासद चिक्कार होते आणि निवडणुकीला ते मतदानही करून जात. संगणकाला तेवढी प्रगल्भता नव्हती.

पेट्यांना नावं द्यायची वेळ आली तेव्हा दीक्षितांनी विचारलं, लक्षात राहतील अशी तीन नावं सांगा. मी घाईघाईनं गोदावरी, मांजरा, सिंदफणा सुचवून पाहिलं. चेअरमन साहेबांनी हात हलवला. नद्या आटतात, म्हणाले. मराठवाड्यात तीन ज्योतिर्लिंगं असताना नद्या कशाला? आणि ठरलं. परळीचा वैजनाथ, औंढ्याचा नागनाथ, वेरूळचा घृष्णेश्वर.

झालं. नागनाथ हे 'आमच्या ह्यां'चं नाव.

पहिल्याच आठवड्यात सगळ्या कारखान्याला कळलं की मी दोन पेट्यांची नावं खडखडीत घेते आणि तिसरीपाशी आले की नुसती मान हलवते. त्या दिवसापासून नागनाथाचं नाव पडलं दाजी. दाजी आज गरम झालेत. दाजींचा पंखा वाजतोय. दाजींना जरा फडकं मारा, ताई. मी लाजायचे, वर खोटं रागवायचे, आणि मनातून मला ते आवडायचं. किती मूर्ख असावं माणसानं. वीज गेल्यावर डेटा कसा वाचतो हे मला समजत होतं, पण नाव घेतल्यानं नवऱ्याचं आयुष्य घटत नाही हे समजत नव्हतं.

दीक्षितांनी तिघांना एक, दोन, तीन असे क्रमांक देऊन डावीकडून उजवीकडे मांडलं होतं. घृष्णेश्वर एक, वैजनाथ दोन, नागनाथ तीन. तसा कागद त्यांनी पुण्याला नेला. दसऱ्याला यंत्रांची पूजा झाली तेव्हा साहेब दारात उभं राहून म्हणाले, आपल्या जिल्ह्याचा देव मधे अडकून काहून बसलाय? दारातून शिरलं की आधी वैजनाथ दिसला पाहिजे. हमालांनी वैजनाथ दाराशी नेला, नागनाथ मधे सरकवला. मी तारा पुन्हा जोडल्या, हळदीकुंकू वाहिलं, आणि पुण्याला कळवायचं राहून गेलं. यंत्राच्या दृष्टीनं काही बिघडलं नव्हतं. क्रमांक पेटीच्या पोटात असतो, जागेवर नसतो.

हंगाम ऐन भरात होता. दाजींच्या पेटीत एक पाल शिरली. पाल गेली आणि जाताना दाजींना घेऊन गेली. बटण दाबलं की पंखा फिरायचा, आत एकदा 'टुंक' व्हायचं आणि पडदा काळाच. जळकट वास आला तेव्हाच मी ओळखलं की आता डॉक्टर बोलवून उपयोग नाही. काटा चालू होता, पण प्रत्येक चिठ्ठी मयताची वाट बघून मग बाहेर पडायची. गाडीवान कुरकुरायला लागले.

इथं आमचे चीफ अकौंटंट आत आले. ह्यांना आपण अकौंटंट साहेबच म्हणू, नाव कशाला. संगणकाची चिठ्ठी सुरू झाल्यापासून त्यांचं माझ्याशी वाकडं होतं. हातानं चिठ्ठ्या लिहायच्या तेव्हा काट्यावरच्या लोकांचा 'अंदाज' चालायचा, आणि तो अंदाज कधी शेतकऱ्याच्या बाजूनं चुकलेला कोणी पाहिला नव्हता. म्हणून तर शेतकऱ्यांनी संगणकाची चिठ्ठी उचलून धरली होती. हाताची चिठ्ठी कुणी घेईना. अकौंटंट साहेबांनी खोलीभर नजर फिरवली आणि चेअरमन साहेबांचा निरोप सांगितला. दिवस मावळायच्या आत काटा सुरळीत झाला तर ठीक. नाहीतर उद्यापासून हाताच्या चिठ्ठ्या, आणि मी परत टंकलेखनात. फिरत्या खुर्चीकडं बघत ते म्हणाले की ती त्यांच्या केबिनला बरी शोभेल.

खात्यातला माझा जोडीदार नेमका कुणाच्या लग्नाला गेला होता. मी पुण्याला फोन लावला. लाइन अशी, की दीक्षित विहिरीत उतरून बोलताहेत असं वाटावं. त्यांनी काय झालं ते ऐकून घेतलं. आधी मेलेल्या पेटीची तार भिंतीतून उपटून टाका, म्हणाले, म्हणजे चुकून जिवंत झाली तर जुनंपुराणं काही लिहायची नाही. मी उपटली. आता घृष्णेश्वरावर बसा. बसले. आणि मग त्यांनी विचारलं, गेलेला कोणता?

तोंडापर्यंत आलं होतं नाव. मागं अकौंटंट साहेब उभे. नवऱ्याचं नाव, तेही 'मेला' ह्या शब्दाला जोडून?

मी म्हणाले, "मधला."

दीक्षितांनी पुण्यात कागद बघितला. कागदावर मधला म्हणजे दोन. दोन टाका, म्हणाले. मी दोन टाकला. यंत्र मूर्ख नव्हतं. त्यानं पडद्यावर नाव दाखवून विचारलं होतं, ह्याला काढू ना, नक्की? मी नाव वाचलं नाही. मला वाटलं आपल्याच ह्यांचं आलं असणार, म्हणून पदर सावरत नजर खाली केली आणि 'हो' दाबलं. नावाकडं बघायलासुद्धा लाजले, सांगते काय.

परळीपासून हाकेच्या अंतरावर बसून मी वैजनाथाला बाहेर काढलं. यादीत उरले दोघं, घृष्णेश्वर आणि मयत दाजी. दोघांत हजर एक. निम्मा म्हणजे निम्म्याहून जास्त नव्हे. घृष्णेश्वरानं सभा तहकूब केली. काट्यावरचा छपाईचा खडखडाट थांबला, आणि ती शांतता मला अजून ऐकू येते.

अकौंटंट साहेब हसले नाहीत. त्यांनी घड्याळाकडं बघितलं, ते जास्त वाईट होतं.

फोनवर दीक्षितांना कळेना. क्रमांक दोन काढल्यावर काटा बंद पडायचं कारण काय? मग त्यांनी मला पडद्यावरचं वाचायला लावलं, वैजनाथ हे नाव वाचल्या वाचल्या मी 'अगं बाई, हा तर चालू होता' म्हणाले, आणि त्यांच्याही लक्षात आलं की चालता बैल सोडून दिलाय आणि मेलेला जुवाला तसाच आहे. माझ्या तोंडून 'पेट्या दसऱ्याला हलवल्या होत्या' एवढं निघालं. त्यांनी हातातला कागद बाजूला टाकला असावा. मग म्हणाले की आता एकच वाट आहे. उरलेल्या पेटीला जबरदस्तीनं सांगायचं, कोरम नसला तरी माझ्या जबाबदारीवर मयताचं नाव खोड आणि एकटी काम सुरू कर. हा हुकूम एकदा दिला की मागं घेता येत नाही. त्यात क्रमांक चुकला तर घृष्णेश्वरही जाईल, मग सगळं नव्यानं मांडायला त्यांना पुण्याहून यावं लागेल आणि त्यात दोन-तीन दिवस जातील. म्हणून आता डावा नको, उजवा नको, मधला तर मुळीच नको. नाव सांगा.

मी म्हणाले, जो वैजनाथ नाही तो. तेव्हा घृष्णेश्वर का, त्यांनी विचारलं. मी म्हणाले, घृष्णेश्वरावर तर मी बसलेय, तोही नाही. ते म्हणाले, बाई, मी कोडी सोडवायला बसलेलो नाही, एक नाव सांगा, मोठ्यानं, मी त्याचा क्रमांक तीन ठिकाणी ताडून मगच तुम्हाला पुढचं सांगेन. मी अकौंटंट साहेबांकडं वळून विनवलं, तेवढं नाव तुम्ही सांगता का फोनवर. ते म्हणाले, तुमचं खातं, तुमचे दाजी, तुम्हीच सांगा.

एव्हाना खिडकीशी गर्दी जमली होती. काटा का थांबला ते बघायला टोळीतल्या बाया आल्या होत्या. त्यांतली पुढची सुभद्राबाई, मी तिला ओळखायचे. नवरा-बायकोचा एक कोयता, म्हणजे दोघांची मिळून एक मजुरी, आणि एक बैलजोडी. उन्हात उभा राहून ऊस वाळतो, वाळला की वजन घटतं, आणि तोडणीचे पैसे वजनावर मिळतात. तिची गाडी फाटकाच्या आत येऊन अडकली होती. बैल जुवाखाली तसेच.

तिनं जाळीतून आत बघितलं. मला विचारलं, काय झालंय. मी रडवेली होते, खरं सांगून टाकलं. यंत्राला आमच्या ह्यांचं नाव आहे, ते मोठ्यानं सांगायचंय, आणि वर काढून टाका म्हणायचंय.

सुभद्राबाई एवढी हसली की बाकीच्या बाया पुढं सरकल्या. तिनं त्यांना सांगितलं, मग त्या सगळ्या हसल्या. मग ती एकदम गंभीर झाली आणि म्हणाली, "अगं, मग उखाण्यात घे की. उखाण्यात घेतलेलं नाव लागत न्हाई. पर घे लवकर, माझे बैल पान्यावाचून हायेत."

माझी सगळी पदविका एका बाजूला आणि हे एका बाजूला. मला का सुचलं नव्हतं? कारण मी तांत्रिक खात्यात होते ना. तांत्रिक खात्यात उखाणे घेत नसतात असं मला वाटत होतं.

मी फोन दोन्ही हातांनी धरला. उभी राहिले, बसून नाव घ्यायची आमच्यात पद्धत नाही. खिडकीतल्या बाया जाळीला खेटल्या. आणि मी विहिरीतल्या दीक्षितांना ओरडून सांगितलं:

"गव्हाण पडली रिकामी, बैल उभे उन्हात,
नागनाथरावांचं नाव घेते, ऐकू जाऊ द्या पुण्यात!"

बायांनी शिट्ट्या घातल्या. हो, शिट्ट्या. ऊसतोडीच्या बायांना शिट्टी येते, उसाच्या एका फडातून दुसऱ्या फडात हाक मारायला लागते. काट्यावरचे हमाल धावत आले. त्या गोंगाटात पुण्याकडचं काही ऐकूच येईना. मला वाटलं लाइन गेली. मग दीक्षित अगदी हळू म्हणाले, कळलं. नागनाथ. क्रमांक तीन. पुढं काय टाकायचं ते एकेक अक्षर सांगतो.

मी टाकत गेले. शेवटी पडद्यावर तोच प्रश्न आला, ह्याला काढू ना, नक्की? ह्या वेळी मी नाव वाचलं. मोठ्यानं वाचलं. मनात म्हटलं, देवा, हे पेटीबद्दल आहे, गैरसमज नको. आणि 'हो' दाबलं.

घृष्णेश्वर थोडा विचारात पडला. मग काट्यावरून छपाईचा खडखडाट आला. पहिली चिठ्ठी एका म्हाताऱ्या गाडीवानाची निघाली, त्यानं ती कपाळाला लावली. सुभद्राबाईची गाडी पाचवी की सहावी होती. ती चिठ्ठी घेऊन बैलांना हौदावर घेऊन गेली, माझ्याकडं वळूनसुद्धा बघितलं नाही. बरोबर आहे. तिला कामं होती.

वैजनाथाला परत घेणं मात्र सोपं नव्हतं. एकदा यादीतून गेलेला जुन्या ओळखीवर आत येत नाही. त्याच्या पोटातलं सगळं पुसून त्याला नवा सभासद म्हणून घ्यावं लागलं, घृष्णेश्वराकडून पुन्हा सगळा हिशेब उतरवून. चेअरमन साहेबांना मी हे सांगितलं नाही. एवढंच सांगितलं की वैजनाथाचा आज नवसाचा अभिषेक आहे, म्हणून बंद आहे. साहेबांनी लांबूनच नमस्कार केला.

दिवस मावळायच्या आत काटा चालू होता, तेव्हा खुर्ची माझ्याकडेच राहिली. अकौंटंट साहेबांनी त्यानंतर माझ्याशी कामापुरतं बोलणंही कमी केलं, ती माझी खरी कमाई. हाताच्या चिठ्ठ्या मी निवृत्त होईपर्यंत परत आल्या नाहीत. एकच रुखरुख आहे. 'मधला' असं मी का म्हणाले, हे दीक्षितांना कधी नीट सांगितलं नाही. उखाणा ऐकून त्यांना कळलं असणार, पण ते सभ्य गृहस्थ, त्यांनी विषय काढला नाही. पुढं कुणीतरी सांगितलं की ते दुसऱ्या कारखान्यांत पेट्या बसवायला गेले की नावं ठरवण्याआधी तिथल्या बायकांना विचारतात, ह्या नावांचं कुणाच्या घरात कोणी आहे का? दीक्षित हे असं का विचारतात, ते तिथं कुणाला कळत नसे म्हणे.

आता घरचं. संध्याकाळी मी चुलीपाशी बसले, पण कान दाराकडं. बातमी शेतातून शेतात पोचली असणार ह्याची मला खात्री होती. चिटबॉयला बातमी सगळ्यात आधी कळते. ती मीठमिरची लावून कशी कळली असेल, तेही मला दिसत होतं: तुमच्या बायकोनं तुमचं नाव घेऊन सांगितलं म्हणे, ह्याला काढून टाका. गावभर हसं झालं असणार त्यांचं. आणि हा माणूस रागवला तरी बोलणार नाही, नुसता जेवून उठेल, हे तर जास्तच जड.

मोटारसायकल थांबली. त्यांनी पाय धुतले, पाटावर बसले. मी ताट वाढलं. अर्धी भाकरी झाली, काही नाही. पाणी प्यायले, काही नाही. मीच शेवटी न राहवून म्हणाले की ऐकलं असेल तुम्ही.

त्यांनी मान हलवली. भाकरीचा तुकडा मोडला, वरणात बुडवला, आणि ताटातून नजर न उचलता म्हणाले:

"लग्नात घेतलंस तवा शेजारी असून मला ऐकू आलं न्हाई, आन् आज पुण्याला ऐकू गेलं. आता घरात बी घेत जा, जरा बेतानं."